हाक मारायचं नाव

आमच्या घरात काही वर्षं पेशवाई नांदत होती. आमचे हे म्हणजे दुसरे बाजीराव. घरात आवाज चढले, की पायात चपला सरकवून, भाजीची पिशवी घेऊन स्वारी मंडईच्या दिशेने पसार. दुधाच्या आणि वाण्याच्या हिशेबाची वही माझ्या ताब्यात, शिवाय बेसनाचे लाडू कोणत्या डब्यात लपवायचे ही खलबतंही माझीच, म्हणून मी नाना फडणवीस. थोरला मुलगा बहिणीच्या चहाड्या करायचा, तो घाशीराम कोतवाल. आणि धाकटीने चौथीत असताना प्रगतिपुस्तकातल्या इंग्रजी तीनाच्या आकड्याला शेपट्या जोडून त्याचा आठ केला, त्या दिवसापासून ती आनंदीबाई, 'ध'चा 'मा' करणारी. खऱ्या आनंदीबाईंनी तसं केलं ही लोकांच्या तोंडची कथा, तिला भक्कम पुरावा नाही, हे मी लेकीला समजावून सांगितलं. तर म्हणते कशी, "मग माझ्याविरुद्ध तरी कुठे आहे?"

रात्रीच्या जेवणाला खरी नावं वर्ज्य होती. "श्रीमंत, आमटी वाढू का?" "नाना, आमटीत मीठ कमी आहे, खजिना रिता झाला की काय?" असं चालायचं. पाहुण्यांना वाटे, या घरातली माणसं जरा सैल आहेत. असतीलही. पण मुलं मोठी होऊन आपापल्या गावी गेली, तेव्हा मला त्यांची शाळेतली नावं आठवून गलबलून आलं नाही. गलबलून आलं ते घाशीराम आणि आनंदीबाई या नावांनी.

मी तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. लढाया शिकवल्या, तह शिकवले, सनावळ्या पाठ करून घेतल्या. पण ही माणसं घरात एकमेकांना काय हाक मारत होती, हे मी कधी शिकवलं नाही आणि मला कुणी विचारलंही नाही. निवृत्त झाल्यावर सवड मिळाली, तेव्हा हा धडा मीच माझ्यापुरता उघडला. त्यातलं थोडं आज सांगते.

गंमत अशी, की मराठ्यांच्या इतिहासातली कितीतरी थोर नावं ही मुळात घरात हाक मारायची नावं आहेत. बाळाजी बाजीराव हे कागदावरचं नाव, आपण म्हणतो नानासाहेब. सदाशिवराव झाले भाऊ, रघुनाथराव झाले दादा. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर जे घडलं, त्याची हकिगत सांगणाऱ्या बखरीचं नाव काय? 'भाऊसाहेबांची बखर'. एवढा मोठा पराभव, पण महाराष्ट्राने तो घरातल्या माणसाचं नाव घेऊन आठवला. १७७३ साली नारायणरावांचा खून झाला, त्याचा ठपका काकांवर आला. पण त्या काकांना आपण आजही राघोबादादाच म्हणतो. घरचं नाव एकदा पडलं, की ते माणसाच्या गुणदोषांकडे बघत नाही.

मला त्यातलं सगळ्यात आवडतं नाव चिमाजी आप्पांचं. जुन्या लेखनात ते 'चिमणाजी' असंही येतं. चिमणा म्हणजे लहानगा, चिमुकला. १७३९ साली पोर्तुगीजांकडून वसईचा किल्ला घेणारा हा सेनापती, पण नावात कायमचा चिमणाच राहिला. हे नाव उच्चारलं की मला माझी आई आठवते. का, ते शेवटी सांगेन.

लोकमान्यांचंच पाहा ना. त्यांचं नाव केशव. घरात म्हणायचे बाळ. ब्रिटिश सरकारने ज्यांच्यावर राजद्रोहाचे खटले भरले, ते सरकारी कागदांवरही बाळ गंगाधर टिळकच होते. साम्राज्याच्या न्यायाधीशाने गंभीर चेहऱ्याने 'बाळ' म्हणायचं, ही कल्पना मला नेहमी हसवते.

अशी नावं पाडायची हौस आजकालची नाही. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या पाणिनीने त्यासाठी व्याकरणाचे नियम केले आहेत. 'अष्टाध्यायी'च्या पाचव्या अध्यायात, माया दाखवायची असेल तर माणसाचं लांबलचक नाव कसं तोडावं आणि त्याला कोणता प्रत्यय लावावा, याची सूत्रं आहेत. टीकाकारांनी उदाहरण दिलं आहे ते देवदत्ताचं. देवदत्ताचा लाड करायचा असेल तर तो होतो देविक, देविय किंवा देविल. एवढा मोठा वैयाकरणी, पण त्यालाही शेजारच्या घरातून कुणीतरी "देविला, जेवायला ये रे" म्हणून हाक मारतंय हे ऐकू येत असणार!

आपल्या मराठीने तर यात कमालच केली आहे. गोदावरीची गोदू, भागीरथीची भागी, यमुनेची यमू, सदाशिवाचा सदू, पांडुरंगाचा पांडू. शेवटी 'बा' लावला की आदर आणि माया एकदम येते. देवालासुद्धा आपण सोडलं नाही, विठ्ठलाचा विठू केला आणि विठोबाही केला. 'या' लावला की सलगी. गण्या, बाळ्या, बंड्या, सोन्या. मग ठमी, चिंगी, छकुली, बेबी, पिंट्या. बेबीआत्या पंचाहत्तराव्या वर्षीही बेबीआत्याच असते आणि पिंट्यामामाच्या डोक्यावर एक केस नसतो.

पण यामागे नुसतं लाडच होते असं नाही. भीतीही होती. जुन्या गृह्यसूत्रांत बाळाच्या एका गुप्त नावाचा उल्लेख आहे. ते फक्त आईबापांना ठाऊक असायचं, मुंज होईपर्यंत बाहेर फोडायचं नाही. नावात माणसाचा जीव असतो, ते कुणा वाईटाच्या हाती लागलं तर बाळाला अपाय होईल, ही समजूत. आपल्याकडे मूल जगत नसलं की पुढच्याचं नाव दगडू, धोंडू, भिकू, केरबा ठेवत. दगडाला कोण नजर लावणार? केराला कोण उचलून नेणार? ऐकायला ओबडधोबड वाटणाऱ्या या नावांमागे एखाद्या आईची गेलेली दोन-तीन बाळं असत. म्हणजे ते नावच तिचा नवस होता.

बारशाला आत्या बाळाच्या कानात 'कुर्रर्र' करून नाव सांगते आणि बाकीच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. आत्याला मारायची हक्काची संधी तेवढीच, त्यामुळे भावजया ती सोडत नाहीत. पण एवढ्या थाटाने ठेवलेलं नाव घरात वापरायचं मात्र नसे. एक जुनं संस्कृत सुभाषित सांगतं, की कल्याण हवं असेल त्याने स्वतःचं, गुरूचं, कंजुषाचं, थोरल्या अपत्याचं आणि पत्नीचं नाव उच्चारू नये. आता थोरल्याचं नाव घ्यायचं नाही, तर त्याला हाक कशी मारायची? म्हणून तो होतो बाळ, बापू, नाहीतर दादा. आणि बायकोला हाक कशी मारायची? "अगं, ऐकलंस का?" दुसऱ्याशी बोलताना ती 'कुटुंब' किंवा 'आमची मंडळी'. एकाच बाईला 'मंडळी' म्हणणारी भाषा जगात आणखी कुठली असेल असं मला वाटत नाही.

एकत्र कुटुंबात आणखी एक पेच असे. वडीलधाऱ्यांसमोर बापाने स्वतःच्या मुलाला उचलून घ्यायचं नाही, त्याचे लाड करायचे नाहीत. भावाच्या मुलाला खांद्यावर घेतलं तर चालेल, पण स्वतःच्या नाही. त्यामुळे मुलंही बापाला इतर जे म्हणत तेच म्हणायची. कुणाचे वडील भाऊ, कुणाचे अण्णा, कुणाचे काका. माझे वडील तर स्वतःच्या आईला 'वहिनी' म्हणत, कारण घरातले धाकटे दीर तिला वहिनी म्हणायचे. आजी वारली त्या दिवशी वडील "वहिनी गेल्या" म्हणून रडले. लहानपणी मला ते विचित्र वाटलं होतं. आज वाटतं, त्या शब्दात 'आई' पूर्णपणे मावलेली होती.

आणि नवरा-बायको? आठ-दहा वर्षांची मुलगी परक्या घरी यायची. बरोबरचा मुलगा तिला अनोळखी. त्या दोघांची ओळख व्हावी म्हणून आपल्या लग्नात किती खेळ होते! दातात धरलेला विडा तोडायचा, मुठीतली सुपारी सोडवून घ्यायची, उष्टी हळद लावायची, घास भरवायचा. भोवतीने बायकांचा गलका. आज हे सगळं व्हिडिओवाल्यासाठी होतं, पण त्या काळी दोन पोरांना चारचौघांत हसण्याची परवानगी देणारी तेवढीच वेळ होती. खेळ संपले, की दिवसा एकमेकांकडे मान वर करून बघायचंही नाही. नाव घ्यायचं नाही, कारण नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं. घ्यायचंच झालं तर उखाण्यात लपवून. उखाणा म्हणजे बंद दाराला ठेवलेली फट होती, आणि बायकांनी तिच्यातून किती थट्टा, किती टोमणे, किती प्रेम बाहेर पाठवलं याला गणती नाही.

लिहायची वेळ आली तेव्हा या बायकांची खरी अडचण झाली. रमाबाई रानड्यांनी १९१० साली आपल्या आठवणी छापल्या. ज्या नवऱ्याने त्यांना शिकवलं, सभेत बोलायला उभं केलं, त्याच्याबद्दल सगळं पुस्तक. पण नाव कसं लिहिणार? त्यांनी वाट काढली. त्या न्यायमूर्तींचा उल्लेख 'स्वतः' असा करतात. 'स्वतः घरी आले', 'स्वतःना बरं नव्हतं' अशा धर्तीवर. वाचताना सुरुवातीला अडखळायला होतं, मग हळूहळू लक्षात येतं, की बाईंच्या जगात 'स्वतः' म्हणजे तोच एक माणूस होता. पुढे या पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर झालं, तेव्हा तोच शब्द त्याचं शीर्षक बनला.

लक्ष्मीबाई टिळकांनी दुसरी युक्ती केली. 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ साली आला. नवरा कवी, लहरी, तापट आणि देवमाणूस. त्याने धर्म बदलला, काही वर्षं ताटातूट झाली, पुन्हा संसार उभा राहिला. त्यांच्या भांडणांत आणि थट्टेत वाचक हसता हसता रडतो. या सगळ्या पुस्तकभर लक्ष्मीबाई नवऱ्याला सरळ 'टिळक' म्हणतात. नाव नाही, 'अहो' नाही, एखाद्या मित्राचं आडनाव घ्यावं तसं. त्या स्वतः माहेरच्या मनू गोखले. लग्नात नाव आणि आडनाव दोन्ही गेलं. मग नवऱ्याचं आडनाव त्यांनी असं काही वापरलं, की ते त्यांच्याच मालकीचं झालं. त्याही आधी, १८५६ साली नायगावहून लिहिलेल्या पत्रात सावित्रीबाई फुले नवऱ्याला थेट 'जोतीबा' असं संबोधतात. ते पत्र वाचताना मी त्या एका शब्दापाशी बराच वेळ थांबले होते.

ज्यांना लिहिता येत नव्हतं त्या काय करत? त्या जात्यावर बसत. पुण्यात हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा करवल्या. त्यांत मुलगा 'राघू' असतो, लेक 'मैना' असते आणि नवरा 'हवशा'. दिवसभर 'धनी' आणि 'मालक' म्हणायचं, आणि पहाटेच्या अंधारात, सासू जागी व्हायच्या आत, 'हवशा' म्हणायचं. हौस पुरवणारा! बिचारा पुरवत होता की नव्हता कोण जाणे, पण ओवीपुरता तरी त्याला तो मान मिळाला.

हे कधी बदललं? एका रात्रीत नाही. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली गोदूबाई या विधवेशी विवाह केला. लग्नात त्यांचं नाव आनंदी झालं, पण सगळे म्हणायचे बाया. याच घरात पुढे सून आली ती इरावती. ब्रह्मदेशात जन्मली म्हणून तिथल्या नदीचं नाव मिळालेली ही मुलगी घरात इरू झाली, आणि नवऱ्याला सरळ 'दिनू' म्हणू लागली. एकाच उंबऱ्याआड, एका पिढीत केवढं अंतर! पुढे याच इरावतीबाईंनी महाराष्ट्रातल्या नात्यांच्या शब्दांवर शास्त्रीय अभ्यास केला. त्यांचा 'परिपूर्ती' हा लेख अनेकांनी वाचला असेल. सभेत त्यांची ओळख अमक्यांची मुलगी, अमक्यांची सून, अमक्यांची पत्नी अशी करून दिली जाते, आणि त्यांना काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. ते राहून गेलेलं रस्त्यावरची शाळकरी पोरं पुरं करतात, ही अमक्याची आई म्हणून. एवढी विदुषी, पण ओळख पुरी झाली ती पोरांच्या तोंडून.

आता थोडं कडू सांगते, कारण इतिहासाच्या शिक्षिकेने नुसतं गोड सांगून चालत नाही. ज्या 'या' प्रत्ययाने आपण सोन्या आणि बाळ्या म्हणतो, त्याच प्रत्ययाने गावकीत पन्नाशीच्या माणसालाही, त्याची जात पाहून, 'अरे धोंड्या' म्हणत. आईने म्हटलेला धोंड्या आणि पाटलाने म्हटलेला धोंड्या यांत अक्षराचा फरक नाही. दया पवारांचं 'बलुतं' १९७८ साली आलं. त्यात दया पवार आणि दगडू समोरासमोर बसून बोलतात, आणि दोघे एकच आहेत. शिकून सवरून झालेला माणूस आणि घरचं, गावचं नाव चिकटलेला पोर. ते नाव टाकताही येत नाही आणि मिरवताही येत नाही.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत एका मुलाचं नाव दाखल झालं, 'भिवा'. तेच पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. रमाबाई त्यांना 'साहेब' म्हणत, आणि ते रमाबाईंना 'रामू' म्हणत. संसारात हौसमौज म्हणावी अशी वाट्याला आलीच नाही. मुलं दगावली, पैशांची ओढाताण होती. २७ मे १९३५ रोजी रमाबाई गेल्या. पुढे बाबासाहेबांनी पाकिस्तानच्या प्रश्नावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. आकडेवारी, नकाशे, राजकारण, सगळा जड मजकूर. पण अर्पणपत्रिका उघडली की तिथे 'रामू'च्या स्मृतीस असं आहे. रमाबाई नाही, सौभाग्यवती नाही, रामू. देशाच्या फाळणीची चर्चा करणाऱ्या पुस्तकाच्या दारात त्यांनी घरात मारायची हाक ठेवली. प्रेमपत्राचे मोठमोठे नमुने आपण वाचतो, मला हे दोन अक्षरांचं पुरेसं वाटतं.

माझ्या वर्गात एक मुलगी होती. हजेरीत तिचं नाव नकुसा. तीन बहिणींच्या पाठीवर झालेली चौथी. हजेरी घेताना तिचा 'हजर' सगळ्यांत हळू असायचा. एकदा मधल्या सुट्टीत मी विचारलं, "घरी काय म्हणतात गं तुला?" ती हसून म्हणाली, "आज्जी नकू म्हणते." त्या 'नकू'त आजीची माया होती, हे तिच्या हसण्यावरून कळत होतं. पण शब्दाचा अर्थ तर तोच होता ना? रोज दहा वेळा, मायेने का होईना, तिला कुणीतरी 'नको' म्हणत होतं. २०११ साली सातारा जिल्ह्यात अशा अडीचशेहून अधिक मुलींची नावं एका समारंभात बदलण्यात आली. कुणी नटीचं नाव घेतलं, कुणी देवीचं. बातमी वाचली तेव्हा ही मुलगी कुठे असेल, तिला कुणी विचारलं असेल का, असं मनात येऊन गेलं. हाक मारणं ही साधी गोष्ट नाही. ज्याला ती हाक ऐकायची असते, त्याच्या अंगावर ती रोज थोडी थोडी चढत जाते.

आता आईचं सांगते.

माझ्या आईचं पाळण्यातलं नाव वत्सला, पण माहेरी सगळे म्हणायचे चिमी. १९४४ साली लग्न झालं, माझ्या वडिलांनी तांदळाच्या ताटात अंगठीने 'सुमती' असं लिहिलं आणि वत्सला तिथे संपली. चिमी मात्र संपली नाही, कारण मामा होता. मामाचं मिरजेहून दर महिन्याला पोस्टकार्ड यायचं, मायना ठरलेला, 'चि. सौ. चिमीस अनेक आशीर्वाद'. आई साठीची झाली, आजी झाली, तरी मायना बदलला नाही. कार्ड उघडंच असल्याने पोस्टमनही दारातून ओरडायचा, "चिमीताई, पत्र!" आणि आई लगबगीने पुढे व्हायची.

वडील तिला कधीच नावाने हाक मारत नसत. "अगं" नाहीतर "ऐकलं का". आईचं तर त्याहून अवघड. वडिलांचं नाव पांडुरंग. संध्याकाळी देवापाशी बसून ती हरिपाठ, आरत्या म्हणायची, आणि पांडुरंग आला की ओठ मिटून नुसता सूर काढायची. आम्ही भावंडं मुद्दाम थांबून ऐकायचो आणि फिदीफिदी हसायचो. पंढरीच्या देवाची एवढी भक्ती, पण तिथेही नवरा आडवा यायचा.

१९९१ साली मामा गेला. दिवस करून आई घरी परतली, मामाची पोस्टकार्डं डब्यात रचून ठेवताना म्हणाली, "आता मला चिमी म्हणणारं कुणी उरलं नाही." कुणाला उद्देशून नव्हे, अशीच. वडील समोर वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी पान उलटलं, एवढंच.

त्या दिवाळीत आम्ही सगळे तिकडे होतो. रात्री माझ्या मुलांबरोबर गुलामचोरचा डाव रंगला होता. आई पत्त्यांत लबाडी करायची, ही घरातली जगजाहीर गोष्ट. तिच्याकडे गुलाम आला असावा, आणि तिने तो हळूच गुडघ्याखाली सारला. वडिलांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, "चिमे, गुलाम काढ बाहेर!"

क्षणभर सगळे गप्प. माझ्या मुलांना वाटलं, आजोबांनी पेशवाईतलंच नवीन नाव शोधून काढलं. मला मात्र कळलं होतं. आईने वर पाहिलं. सत्तेचाळीस वर्षांच्या संसारात ही हाक तिने त्या तोंडून ऐकली नव्हती. "इश्श! अहो, मुलं आहेत," असं म्हणून तिने गुडघ्याखालचा गुलाम काढून पुढे टाकला. वडील त्यावर काहीही बोलले नाहीत, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. पण त्या दिवसापासून, फक्त पत्ते खेळताना, आई चिमी झाली. आणि मला असं दिसलं, की तेव्हापासून तिची लबाडी जरा वाढलीच.

वडील २००३ साली गेले. कुटुंब निवृत्तिवेतनाच्या कामासाठी मी आईला घेऊन बँकेत गेले. खिडकीतल्या मुलाने विचारलं, "आजी, आजोबांचं नाव?" अशा वेळी आई नेहमी माझ्याकडे बघायची आणि मी सांगायची. मी तोंड उघडलंही होतं. पण तिने माझ्या हातावर हात ठेवला आणि स्पष्ट म्हणाली, "पांडुरंग." उखाणा नाही, सूर नाही. मुलाने लिहून घेतलं. बाहेर आल्यावर पायऱ्या उतरताना ती म्हणाली, "किती सोपं होतं गं."

त्या चार शब्दांपुढे माझा तीस वर्षांचा इतिहास मला अपुरा वाटला. ज्या रूढीने तिला जन्मभर अडवलं ती रूढी होतीच, मी तिचं कौतुक करणार नाही. पण त्या अडवलेल्या वाटेवरही दोघांनी मिळून एक चिमी वाचवून ठेवली होती, हेही तितकंच खरं.

आता माझी लेक नवऱ्याला नावाने हाक मारते, अरे-तुरे करते, आणि तो तिचं आयुष्य वाढो अशा सुरात तिला ओ देतो. छान वाटतं. नावं बदलायची सक्ती गेली, घ्यायची भीती गेली. फक्त एक गोष्ट जपायला हवी. आई २०१२ साली गेली, तेव्हा तिचे जुने फोटो आवरताना पाहिलं, की मागे नाव, साल, गाव सगळं लिहिलं आहे, पण ते 'सौ. सुमती'. तिची नातवंडं, पतवंडं हा फोटो बघतील तेव्हा त्यांना चिमी कशी भेटणार? मी पेन घेतलं आणि खाली लिहिलं, 'हाक मारायचं नाव : चिमी'. तुमच्याही घरात अशा फोटोंची पेटी असेल. घरातलं थोरलं माणूस आहे तोवर त्याच्याजवळ बसा, विचारा आणि लिहून ठेवा. सरकारी दप्तरात ही नावं सापडत नाहीत.

परवा सकाळी जावयाचा फोन आला. मी उचलला, तर पलीकडून अगदी अदबीने विचारणा झाली, "नाना आहेत का? आनंदीबाईंना पुरणपोळीचं प्रमाण हवं होतं."

मी म्हटलं, "नाना आहेत. बाजीराव मात्र भाजी आणायला गेलेत."

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)